जानेवारीचा दाखला : प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्यांना एका सोसायटी सचिवाचे खुले पत्र

मा. प्रमुख अग्निशमन अधिकारी,
मुंबई अग्निशमन दल, भायखळा.

साहेब, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तक्रारीचे नाही, निदान तुमच्याविरुद्ध तरी नाही. तक्रारच नोंदवायची झाली तर आरोपीच्या रकान्यात पहिले नाव माझे येईल. लालबागमधल्या एका २२ मजली सोसायटीचा मी गेली सहा वर्षे सचिव आहे. चाळ पाडून आमचा हा टॉवर उभा राहिला. चाळीत कुणाच्या स्टोव्हचा भडका उडाला की अख्खा मजला बादल्या घेऊन धावायचा. आता घरटी दोन-दोन बाथरूम आहेत, पण आग लागली तर धावायचे कुठे, हे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नव्हते.

गेल्या दिवाळीत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, ११व्या मजल्यावरच्या विजेच्या डक्टमधून धूर येऊ लागला. डक्ट म्हणजे लिफ्टशेजारचे ते उभे कपाट; साऱ्या इमारतीच्या केबल त्यातून वर जातात. आमच्याकडे त्यात केबलखेरीज बरेच काही सुखाने नांदत होते : रद्दी, मोडकी सायकल, कुणाचे तरी जुने थर्माकोलचे मखर. मी वर धावलो. धावलो म्हणजे लिफ्टने गेलो, तेही कबूल करतो.

होजबॉक्सची काच फोडली. आत नळी होती, नोझल नव्हते. पितळेच्या नोझलला भंगारात बरा भाव मिळतो, ही माहिती वॉचमनने नंतर पुरवली. शेजारच्या होजरीलचा पाइप ओढला, व्हॉल्व्ह फिरवला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग ग्लासभर तांबूस पाणी आले आणि तेही थांबले. खाली पंप ‘मॅन्युअल’वर होता. तो ‘ऑटो’वर ठेवला की पाइपात कुठेतरी गळती असल्यामुळे पाइपातला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप रात्रभर चालू-बंद होत राही आणि पहिल्या मजल्यावरच्या मंडळींची झोपमोड होई. त्यांनी लेखी अर्ज दिला होता. गळती शोधण्यापेक्षा पंप बंद करणे सोपे, म्हणून तो बंद केला. त्या अर्जावर ‘कार्यवाही पूर्ण’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. पंपरूमची किल्ली प्लंबरकडे, आणि प्लंबर दिवाळीला गावी.

१६व्या मजल्यावरचा एक मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, सुट्टीवर आला होता. त्याने आधी खाली फोन करून मेन पाडायला लावला, लिफ्टच्या मशीनरूममधला सीओटूचा सिलिंडर जिन्याने उतरवला आणि डक्टचे दार हातभर उघडून आत मारला. धूर राहिला, ज्वाळा बसल्या. तोवर १०१ला फोन कुणी केला, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने केला असेल. शेवटी कळले की चौथ्या मजल्यावरच्या आजींनी केला होता. त्यांना नंबर पाठ होता, कारण मांजात अडकलेली घार सोडवायला त्यांनी एकदा तुम्हाला बोलावले होते.

तुमची माणसे आली. बंब कोपऱ्यावरच अडला, कारण गल्लीत दुतर्फा गाड्या आणि आमच्या फाटकाला चिकटून कंदीलवाल्याचा टेम्पो. पाठीवर श्वसनयंत्राचे सिलिंडर आणि खांद्यावर नळीची गुंडाळी घेऊन जवान गल्लीतून धावत आले आणि ११ मजले चढले. लिफ्टकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. अर्ध्या तासात डक्ट वरपासून खालपर्यंत तपासला, कूलिंग केले, प्रत्येक मजल्याचे दार उघडून धूर बाहेर काढला. कुणालाही इजा झाली नाही. तुमच्या नोंदवहीत ती वर्दी बहुधा एका ओळीची असेल.

जाताना त्यांच्यातले वयाने मोठे अधिकारी मला म्हणाले, “सचिवसाहेब, चालू लाइटच्या आगीवर पाणी मारायला निघाला होतात ना? पाणी आले नाही म्हणून आज दिवाळी झाली तुमची.” मग विचारले, “फॉर्म बी भरता का?” मी अभिमानाने फाइल काढली. जानेवारीचा दाखला होता, जुलैचाही होता. सर्व यंत्रणा सुस्थितीत व कार्यरत, खाली एजन्सीचा शिक्का. त्यांनी तो वाचला, समोरच्या बिननोझलच्या खोक्याकडे पाहिले, आणि कागद दोन्ही हातांनी मला परत दिला. बोलले काही नाहीत. ते बोलले असते तर मी हे पत्र लिहिले नसते.

तो दाखला कसा मिळाला, ते सांगतो. ज्यांना फॉर्म बी हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडे आधीपासून. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. त्याप्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा तिथे राहणाऱ्यांची जबाबदारी आहे, दलाची नव्हे. दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि तसा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दलाला सादर करायचा. एजन्सीला परवाना देते राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय, दाखला घेता तुम्ही, आणि पैसे देतो आम्ही. आता जो तपासला जाणार तोच तपासणाऱ्याला पैसे देणार म्हटल्यावर पुढची गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको.

तरी सांगतो. आम्ही तीन कोटेशने मागवली. सगळ्यात स्वस्त निवडले. वार्षिक सभेत हा विषय अर्ध्या मिनिटात मंजूर झाला. त्याआधी सत्यनारायणाच्या प्रसादाचे कंत्राट कुणाला द्यायचे यावर पाऊण तास खल झाला होता. एजन्सीचा एक पोरगेला माणूस आला. त्याने तळमजल्यावरच्या होजबॉक्सचा, लाल पाइपचा आणि माझ्या टेबलावरच्या सिलिंडरचा मोबाइलवर फोटो काढला. पंपरूमला कुलूप होते. “राहू द्या काका, नंतर बघतो,” म्हणाला. चहा घेतला. आठवड्याने दाखला व्हॉट्सअॅपवर आला. मी सही केली. एजन्सीचे नाव इथे लिहीत नाही, कारण सही माझीही आहे, आणि आसपासच्या सोसायट्यांच्या सचिवांशी बोललो तेव्हा प्रत्येकाकडे असाच एक पोरगेला माणूस निघाला.

साहेब, परवा १४ एप्रिल होऊन गेला. त्या दिवशी आमच्या भागात बाबासाहेबांच्या जयंतीची धामधूम असते, निळे झेंडे, ढोल, सरबताचे स्टॉल. त्याच सकाळी भायखळ्याला तुमच्या मुख्यालयात स्मारकाला मानवंदना होते, हे मला या वर्षीपर्यंत फक्त पेपरातून माहीत होते. यंदा मुद्दाम गेलो आणि बाहेर उभा राहिलो.

१९४४चा तो दिवस जुन्या मुंबईकरांना तोंडपाठ आहे. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज लागले होते. बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे आलेले, पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके. कराचीला त्यात कापसाच्या गाठी भरल्या, आणि दोन नंबरच्या खणात कापूस व स्फोटके एकत्र आली. दुपारी धूर दिसला. दलाचे लोक पोहोचले, आत काय भरले आहे ते कळले, तरी ते नळ्या टाकून पळाले नाहीत. पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. गोदीतले घड्याळ ४.०६ला थांबले. दलाचे ६६ जण गेले, शहरातली माणसे शेकड्यांनी गेली. त्या जहाजातून उडालेल्या सोन्याच्या विटा कुणाच्या घरात पडल्या, याच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. त्या ६६ जणांपैकी एकाचे तरी नाव सांगा म्हटले तर गप्प होतो. मीही झालो असतो.

मानवंदना पाहताना मला सारखे एकच दिसत होते. आग विझवणारे चुकले नव्हते. कापसाच्या गाठी दारूगोळ्याच्या शेजारी ठेवायला कुणीतरी संमती दिली होती, ती चूक. कराचीच्या धक्क्यावर, थंड डोक्याने, कागदावर. आग मुंबईत लागली.

काळबादेवीचेही तेच. ९ मे २०१५, गोकुळ निवास. जुनी लाकडी इमारत, चिंचोळी गल्ली. इमारत कोसळली आणि दलाचे चार अधिकारी गेले : संजय राणे, महेंद्र देसाई, आणि नंतर रुग्णालयात सुधीर अमीन व सुनील नेसरीकर. नेसरीकर त्या वेळी दलाचे प्रमुख होते. ज्या खुर्चीला उद्देशून मी हे पत्र लिहितो आहे, त्याच खुर्चीतला माणूस भर आगीत इमारतीपाशी उभा होता. प्रमुखाने कार्यालयात बसून वायरलेसवर हुकूम सोडले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. म्हणून तुमच्या शौर्याबद्दल इथे एक शब्दही जास्त लिहीत नाही. ते लिहिणे सोपे असते, आणि त्याने आमचा पंप सुरू होत नाही.

अडचण अशी की शौर्याचा आम्हाला आधार वाटतो, आणि त्याच आधारावर आम्ही निवांत झोपतो. ‘बंब येईल’ ही मुंबईकराची श्रद्धा आहे. पावसात झाड पडले, लिफ्टमध्ये कुणी अडकले, दरड आली, गटारात गाय पडली, मावशीने दार आतून लावून घेतले, की बंब येतो. येतोही. पण २२व्या मजल्यावर बंब येत नाही. तुमची सर्वांत उंच शिडी आमच्या गल्लीत वळणारच नाही, आणि वळली तरी तिचे पाय रोवायला जागा कुठे आहे? उंच इमारतीतली आग त्या इमारतीच्या पाण्याने, तिच्याच पाइपातून विझवायची असते. तुमचे जवान येतात ते आमच्या वेट रायझरच्या भरवशावर. तळटाकी, पंप, उभा पाइप, प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व्ह. पंप बंद असेल तर खालच्या इनलेटला बंबाची नळी जोडून पाणी चढवता येते, हे मला त्या रात्री कळले. पण त्यासाठी बंब इनलेटपर्यंत यावा लागतो आणि इनलेटसमोर कुणाची स्कूटर नसावी लागते. आमच्या इनलेटसमोर तुळशीवृंदावन होते. हलवताना थोडी नाराजी झाली. हलवले.

आणि माणसे आगीने कमी, धुराने जास्त जातात, हेही आम्हाला फक्त बातम्यांपुरते ठाऊक असते. २०१७च्या डिसेंबरात कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ जण गेले. त्यातले कितीतरी स्वच्छतागृहात सापडले, आसरा म्हणून तिथे शिरले होते. आमच्या वडिलांच्या पिढीला कमला मिल म्हणजे पाळीचा भोंगा, आमच्या मुलांना कमला मिल म्हणजे शनिवार रात्र. आग लागली तेव्हा दोन्ही पिढ्यांना एकच प्रश्न पडला : बाहेर पडायचा रस्ता कुठे होता? २०२३च्या ऑक्टोबरात गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे आग लागली ती तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, जिथे कापडाची गाठोडी साठवलेली होती. म्हणजे पुन्हा कापूसच, साहेब. ऐंशी वर्षांत आम्ही गाठी कुठे ठेवू नयेत एवढेही शिकलो नाही.

आमच्या इमारतीत जिन्याला आगरोधक दारे आहेत. ती आपोआप बंद व्हावीत म्हणून वर स्प्रिंग बसवलेली असते. आम्ही ती कुंड्या लावून उघडी ठेवतो, वारा येतो म्हणून. रिफ्यूज एरियात हळदीकुंकू होते, एरवी सिमेंटच्या गोण्या. ज्या दिवशी तिथे आसरा घ्यावा लागेल त्या दिवशी आधी गोण्या हलवाव्या लागतील. हे सगळे तुमच्या अधिकाऱ्याने एकदा पाहिले तर दोन मिनिटांत सांगेल. पण शहरभरच्या उंच इमारतींमध्ये दलाचा माणूस वर्षातून दोनदा जाणे शक्य नाही, म्हणूनच तर एजन्सीच्या दाखल्याची पद्धत आली असणार. पद्धत वाईट नाही. फक्त त्या दाखल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे खूप, आणि तो खोटा निघाला तर घाबरणारा कुणी नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक उंच इमारतीच्या फाटकावर, बाहेरून येणाऱ्यालाही दिसेल असा, एक फलक सक्तीचा करा. त्यावर मराठीत चारच गोष्टी हव्यात : शेवटचा फॉर्म बी कधी भरला, कोणत्या एजन्सीने दिला, तिचा परवाना क्रमांक, आणि गच्चीवरच्या होजमधून प्रत्यक्ष पाणी शेवटचे कधी उडवले. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पाकिटावर असते. ज्या इमारतीत चारशे माणसे झोपतात तिच्यावर तारीख नाही. माझ्याकडे दाखला होता, पण तो फाइलीत होता, फाइल कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. ७व्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलींना तो कागद अस्तित्वात आहे हेसुद्धा माहीत नव्हते. माहीत असते तर त्यांच्यापैकी एकीने नक्की विचारले असते की काका, पाणी कधी उडवले, आम्ही तर पाहिले नाही. तो प्रश्न मला एका जानेवारीत कुणी विचारला असता तर मी त्या पोरगेल्या माणसाला पंपरूमची किल्ली शोधून आणून दिली असती. शरमेने का होईना.

दुसरे, दाखल्यांमधून दर सहामाहीला चिठ्ठ्या टाकून थोडे उचला. पन्नास चालतील, वीस चालतील. न कळवता जा आणि एकच काम करा, वरच्या मजल्यावरची होज उघडा. पाणी आले तर चहा पिऊन या. नाही आले तर त्या एजन्सीबद्दल संचालनालयाला कळवा, तिचा परवाना जाऊ द्या, आणि सोसायटीवरही कायद्याप्रमाणे कारवाई करा. वीज-पाणी तोडायची नोटीस काढायचा अधिकार तुम्हाला आहे. आमच्यावर पहिली काढलीत तरी माझी हरकत नाही. सभासद माझ्यावर चिडतील, ते आताही चिडलेले आहेत. शंभरात दोन इमारती जरी अशा पकडल्या गेल्या तरी उरलेल्या अठ्ठ्याण्णव सचिवांची झोप उडेल. आम्हा सचिव लोकांना नियमापेक्षा शेजारच्या इमारतीला आलेली नोटीस लवकर समजते.

असे फलक लावले तर भाडेकरू घाबरतील, फ्लॅटचा भाव पडेल, असे आमच्याच कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले. मी त्यांना विचारले, नोझल नसलेल्या इमारतीचा भाव किती असावा? त्यांनी विषय पार्किंगवर नेला.

दिवाळीनंतर काय झाले तेही सांगतो, नाहीतर वाटेल सचिव नुसता शहाणपणा शिकवतो आहे. दुसरी एजन्सी लावली, पहिल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट पैसे घेणारी. तिच्या माणसाने सहा तास घेतले आणि आठ पानी यादी दिली. गळती सापडली, ती ५व्या मजल्याच्या जोडाला होती, दुरुस्ती एका दुपारची. पंप आता ऑटोवर आहे, पहिल्या मजल्यावरचे शांत झोपतात. नवी नोझल पितळेची नको, दुसऱ्या धातूची घ्या, भंगारवाल्याला त्यात रस नसतो, हा सल्ला वॉचमनचा, मानला. पंपरूमच्या किल्लीची एक प्रत त्याच्याकडे, एक फाटकाजवळ काचेच्या खोक्यात. डक्ट रिकामे केले. मखर ज्यांचे होते त्यांनी ते अजून आपले म्हणून मान्य केलेले नाही. फलकही लावला आहे, नियम नसताना, घरीच रंगवून. ‘पाणी शेवटचे कधी उडवले’ या ओळीसमोरची जागा सध्या कोरी आहे.

ती भरायची म्हणून जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही गच्चीवर होज उघडणार आहोत. पाऊस असेल. भर पावसात पाणी उडवणारे वेडे म्हणून शेजारची इमारत हसेल, हसू दे, त्यांच्याही सचिवाला आमंत्रण दिले आहे. तुमच्याकडून कुणी आले तर बरे होईल. त्या रात्री आलेले ते वयस्क अधिकारी आले तर फारच छान, त्यांना एक कागद पुन्हा दाखवायचा आहे. बंब आणायचा असेल तर बिनधास्त आणा. फाटकासमोर टेम्पो नसेल, कंदीलवाल्याशी माझे बोलणे झाले आहे.

आपला,
सचिव,
लालबागमधली एक २२ मजली सोसायटी